रेषेला देह देताना

(रामपायली येथील स्मृती-व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी मला आधी संतसाहित्यावरचा एक विषय सुचवला होता. मी म्हटलं, त्यावर बोलणारी माझ्याहून जाणती माणसं विदर्भात पुष्कळ आहेत. मला जपानी चित्रमालिकांवर बोलू द्या; त्या चित्रांना खरे नट घेऊन टीव्हीवर उभं करतात तेव्हा नेमकं काय होतं, यावर. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग पलीकडून उत्तर आलं, ‘निदान पोरं तरी येतील.’ पोरं आली आहेत. ज्या गुरुजींच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी जन्मभर पोरांनाच शिकवलं, म्हणून विषय अगदीच अस्थानी नाही असं मी धरून चालतो.

ज्येष्ठांना ‘अ‍ॅनिमे’ हा शब्द परका वाटेल. जपानमध्ये बनलेली हलती चित्रं, एवढाच त्याचा अर्थ. ती परकी नाहीत हे मात्र मी लगेच दाखवून देतो. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. गुलजारांचं गाणं आणि विशाल भारद्वाजांचं संगीत होतं. ते गाणं इथल्या चाळिशीतल्या प्रत्येकाला पाठ असेल. ती मालिका जपानी होती. टोकियोच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशननं १९८९ मध्ये ती काढली, तिचे भाग बावन्न. आपण ती हिंदीतून पाहिली आणि आपली समजलो. तसं समजण्यात चूकही नव्हती, कारण गोष्ट खरोखर आपल्या शेजारची आहे. किपलिंगचे लांडगे सिवनीच्या डोंगरात राहतात. पहिल्याच कथेत शेरखानचा मुक्काम सांगितला आहे तो वीस मैलांवरच्या वैनगंगेकाठी. वैनगंगा सिवनीत उगवते आणि बालाघाटातून भंडाऱ्याकडे उतरते. आपली चंदन नदी तिलाच जाऊन मिळते. स्टर्नडेल नावाच्या एका इंग्रजानं १८७७ मध्ये सिवनीच्या रानावर पुस्तक लिहिलं होतं, त्याचा किपलिंगला उपयोग झाला. पुढे त्यानं मोगलीच्या गोष्टी अमेरिकेत, व्हर्मांटला बसून लिहिल्या आणि पुस्तक १८९४ ला आलं. म्हणजे सातपुड्याची गोष्ट इंग्रजानं अमेरिकेत लिहिली, जपान्यांनी टोकियोत काढली आणि मुरुडच्या एका मराठी माणसाच्या आवाजात ती आपल्या घरी परत आली. शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता.

आता २०१६ मध्ये या. डिस्नेनं जॉन फॅव्हरोकडून नवा ‘जंगल बुक’ करून घेतला. जाहिरात अशी की या वेळी सगळं खरंखुरं, जिवंत. प्रत्यक्षात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत नील सेठी हा एकटा मुलगा वावरत होता. रान, पाणी, अस्वल, वाघ सगळं संगणकावर तयार केलेलं. हिंदी आवृत्तीसाठी शेरखान म्हणून पुन्हा नाना पाटेकरांनाच बोलावलं. तेवीस वर्षांनी तोच आवाज, फक्त वाघ नवा. एरवी अशी तुलना करायला मिळत नाही. चित्रातला वाघ आणि खऱ्यासारखा वाघ यांत फरक किती, हे मोजायचं तर बाकी काहीतरी सारखं राहावं लागतं. इथे आवाज सारखा राहिला.

माझा कौल जुन्या शेरखानला आहे, आणि तो केवळ लहानपणच्या आठवणींमुळे नाही. नव्या वाघाचा केस न् केस हलतो, खांद्याचे स्नायू कातडीखाली सरकतात. त्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खपली असतील. पण तुम्ही बालाघाटचे लोक. कान्हाचा मुक्की दरवाजा तुमच्याच जिल्ह्यात आहे. खरा वाघ बघायचा तर तुम्ही पहाटेच्या गाडीत बसून मुक्कीला जाल. पडद्यावरचा वाघ खऱ्यासारखा दिसतो यात तुम्हाला नवल ते काय? आणि वाघ जितका खरा, तितकं त्याच्या तोंडून हिंदी विचित्र वाटतं. रेषेतल्या शेरखाननं बोलायला आपली कधीच हरकत नव्हती. तो वाघाचं सोंग घेतलेला खलनायक होता आणि सोंग बोलतं हे आपल्याला ठाऊक असतं.

आजचं माझं म्हणणं एवढंच आहे. अ‍ॅनिमेला माणसाचा देह देणाऱ्या बहुतेक मालिका फसतात, त्या पैसा कमी पडला किंवा नट चुकला म्हणून नव्हे. करणाऱ्याला मूळ चित्राची लाज वाटते म्हणून फसतात. चित्र भडक, त्याचे केस हिरवे, डोळे वाटीएवढे. मोठ्या माणसांसमोर हे कसं मांडायचं, या संकोचात तो सगळं सौम्य करत जातो. हिरवे केस काळे होतात, प्रतिज्ञेच्या जागी विनोद येतो, आणि शेवटी जे उरतं ते ना चित्र ना माणूस.

चित्राची लाज न बाळगणारी परंपरा आपल्याकडे आहे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. पोथीतली चित्रं एकेक करून समोर धरायची, वाद्याच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं गायची. त्यांतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. हीच माणसं कळसूत्री बाहुल्या नाचवतात आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही करतात. म्हणजे सपाट चित्र, सावली आणि लाकडी देह या तिन्ही गोष्टी एका घरात नांदतात. कागदावरची सीता लाकडात आणली म्हणून तिचं काही बिघडलं, असं त्यांच्या प्रेक्षकाला वाटत नाही.

जपानातही असेच चित्रकथी होते. तिकडे त्या खेळाला कामिशिबाई म्हणत. सायकलवर लाकडी पेटी, पेटीत चित्रांचे पुठ्ठे. गल्लीत सायकल लावायची, पोरं जमली की आधी गोळ्या विकायच्या आणि मग गोष्ट सुरू. १९३० च्या आसपास या पेटीतून ‘ओगोन बॅट’ नावाचा एक नायक निघाला. कवटीचा सोनेरी चेहरा, पाठीवर झगा. अमेरिकेत सुपरमॅन छापला गेला १९३८ ला. हा गडी त्याच्याही आधीचा. १९६६ मध्ये त्याच्यावर खऱ्या नटांचा चित्रपट झाला आणि १९६७ मध्ये अ‍ॅनिमे मालिका. पुठ्ठा, मग देह, मग पुन्हा हलती रेषा. त्या १९६६ च्या चित्रपटात सॉनी चिबा हा तरुण नट होता. पुढे तो जपानी मारधाडपटांचा मोठा तारा झाला आणि २०२१ मध्ये वारला. त्याचं नाव लक्षात ठेवा, त्याच्या मुलाचं काम पुढे आहे.

ओसामु तेझुकाचा यंत्रपुत्र ‘अ‍ॅटम’ तर तुम्हाला ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ म्हणून माहीत असेल. टीव्हीवरच्या अ‍ॅनिमेची सुरुवात त्याच्यापासून, १ जानेवारी १९६३ ला झाली असं मानतात. पण त्याआधी, १९५९ मध्येच, जपानी टीव्हीनं मांगातल्या, म्हणजे छापील चित्रकथेतल्या अ‍ॅटमला खऱ्या मुलाच्या अंगावर चढवून मालिका केली होती. ‘आधी अ‍ॅनिमे, मग हौस म्हणून नट’ हा क्रम आपण धरतो तो इतिहासाला धरून नाही.

तेझुकाची मात्र एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढची बरीचशी अडचण तिथून निघते. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग द्यायचा आणि पैसे तुटपुंजे. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी लागतात. तेवढी चित्रं काढणं शक्य नव्हतं. मग एकच चित्र तीन-तीन चौकटी धरून ठेवायचं, चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवायचे, धावणाऱ्याच्या मागे नुसत्या रेघा ओढायच्या. गरिबीतून आलेली ही युक्ती पुढे शैली झाली. नायक कड्यावर उभा आहे, केस तेवढे वाऱ्यावर उडताहेत, बाकी सगळं स्तब्ध, आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आता हेच एखाद्या नटाला करायला सांगा. तो दहा सेकंद तसाच उभा राहिला तर वाटेल, संवाद विसरला. चित्राची स्तब्धता देहाला फुकट मिळत नाही. ती रियाजानं कमवावी लागते. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांनी ती कमावलेली आहे. ऐन प्रसंगाला ते डोळे फिरवून, अंग ताणून एका मुद्रेत गोठतात आणि प्रेक्षागृहातून आरोळ्या उठतात. आपल्या दशावतारातही तसंच. मागे पडदा, पुढे एक बाक. तोच बाक इंद्राचं सिंहासन आणि तोच कैलास. राक्षस येतो तो आधी पाय आपटून, दोन फेऱ्या घालून सगळ्यांना स्वतःला नीट पाहू देतो, मग बोलतो.

म्हणूनच जपानी टीव्हीवाल्यांना पुष्कळदा हे साधतं. २००३ मध्ये तिकडे ‘सेलर मून’ ही गाजलेली अ‍ॅनिमे खऱ्या मुली घेऊन मालिकेत आणली. मूळ कथेत एक बोलणारी मांजर आहे. ती यांनी सरळ कापडी खेळण्याची केली. खेळणं बोलतं, मुली त्याच्याशी गंभीरपणे बोलतात, आणि पाच मिनिटांत आपण ते मान्य करतो. २००६ ची ‘नोदामे कँताबिले’ ही संगीत शिकणाऱ्या मुलांची मालिका, तीही मांगावरून. नायक चिडून नायिकेला ढकलतो तेव्हा ती कागदावर उडायची तशीच इथेही उडते. उडणारी बाहुली आहे हे स्वच्छ दिसतं. कुणी लपवलेलं नाही.

त्याउलट ‘काउबॉय बीबॉप’. मूळ मालिका १९९८ ची, शिनिचिरो वातानाबेची, फक्त सव्वीस भागांची. अंतराळातले कर्जबाजारी शिकारी, जाझ संगीत, आणि भरपूर न बोलणं. तिच्यातली माणसं सिगारेट ओढत गप्प बसतात तेव्हा त्यांचा सगळा गतकाळ दिसतो. नेटफ्लिक्सनं २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये तिची दहा भागांची जिवंत आवृत्ती आणली. जॉन चोसारखा चांगला नट घेतला. संगीतासाठी मूळच्याच योको कान्नोला बोलावलं. कपडेपट, याने, गल्ल्या सगळं जागेवर. पण ती शांतता करणाऱ्यांना झेपली नाही. जिथे मूळ माणसं गप्प होती तिथे यांनी थट्टामस्करी भरली. खलनायक आणि त्याची प्रेयसी मुळात सावलीसारखी होती, त्यांना भागच्या भाग देऊन समजावून सांगितलं. तीन आठवडे पुरे व्हायच्या आत मालिका बंद झाल्याची घोषणा आली. वातानाबेनं नंतर एका मुलाखतीत सांगितलं की त्यानं सुरुवातीचा जुगारगृहातला प्रसंग पाहिला आणि पुढे त्याच्यानं बघवलं नाही. मी सगळे भाग पाहिले. तो सुटला.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याच नेटफ्लिक्सनं ‘वन पीस’ आणली तेव्हा जाणकारांनी आधीच डोक्याला हात लावला होता. ही गोष्ट तर बीबॉपपेक्षा शंभर पटीनं वेडी. रबराचं अंग झालेला लुफी नावाचा मुलगा समुद्री चाच्यांचा राजा व्हायला निघतो. गोगलगायींचे टेलिफोन, विदूषकाचं तुटून उडणारं शरीर. मांगा १९९७ पासून चालू, अ‍ॅनिमे १९९९ पासून, भाग हजाराच्या वर. कर्ता एइचिरो ओदा. त्यानं वाचकांना जाहीर पत्र लिहून सांगितलं होतं की आपलं समाधान झाल्याशिवाय मालिका लावायची नाही, असं ठरलेलं आहे. केपटाऊनला जहाजं खरोखर बांधली. गोगलगायींचे टेलिफोन संगणकावर न रंगवता हातात धरता येतील असे हलते-डुलते बनवले. आणि मुख्य म्हणजे कुणीही प्रेक्षकाकडे बघून डोळा मारत नाही. इन्याकी गोडोय हा मेक्सिकन मुलगा डोक्यावर गवती टोपी घालून ‘मी चाच्यांचा राजा होणार’ असं म्हणतो ते आपल्या मंडईच्या जत्रेत रात्री एखादा पोरगा अभिमन्यू होऊन बोलतो तितक्या निष्ठेनं.

त्या मालिकेत झोरो नावाचा तलवारबाज आहे. हिरवे केस, तीन तलवारी. दोन हातांत आणि तिसरी दातांत धरून लढतो. कागदावर हे वाचलं तरी हसू येतं. ते काम करणारा माकेन्यु चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता दातांत मूठ धरून उभा राहतो आणि आपण हसत नाही. हा माकेन्यु सॉनी चिबाचा मुलगा. बाप कामिशिबाईच्या पेटीतून निघालेल्या नायकाच्या चित्रपटात होता, मुलगा मांगातून निघालेला तलवारबाज झाला. घराण्याची गायकी म्हणतात ती याहून वेगळी नसावी.

सगळं साधलं असं म्हणणार नाही. लुफीचा हात लांब होतो तेव्हा संगणकाचा रबर डोळ्याला खुपतो. चित्रात तो हात एका फटक्याच्या रेषेत सुटत असे. शिवाय एक प्रश्न कुणालाच सुटलेला नाही, तो वयाचा. चित्राला वय नसतं. जपानी मांगातला नोबिता १९७० पासून शाळकरीच आहे. आपल्या चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये आला आणि दोन दशकांनीही तेवढाच होता. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी त्याचा चित्रपट केला, लगेच पुढच्या वर्षी दुसरा. ही घाई मला समजते. मुलं थांबत नाहीत, आवाज फुटतो, मिसरूड येतं. बालगंधर्वांच्या प्रेक्षकानं वय उतरल्यावरही त्यांना भामिनी मानलं, पण ती सवय रंगभूमीची. कॅमेरा तेवढी दया दाखवत नाही. ओदाची हजार भागांची गोष्ट माणसांच्या देहातून पुरी होणार कशी, याचा हिशेब मला तरी जमत नाही.

आपल्याकडच्या प्रयोगाचं थोडक्यात सांगतो. हैदराबादच्या राजीव चिलकांचा ‘छोटा भीम’ २००८ पासून पोगोवर आहे. २०२४ मध्ये त्यांनीच खऱ्या मुलांना घेऊन चित्रपट केला, अनुपम खेर होते, तो चालला नाही. घरचा कर्ता असूनही चित्राचा बिनधास्तपणा देहात उतरला नाही.

रामपायलीत बोलतो आहे, तर रामाबद्दल बोलल्यावाचून उठता येणार नाही. चंदनेच्या काठी भोसलेकाळापासून राम उभा आहे. दगडाचा राम, चित्रातला राम आणि माणसाच्या देहातला राम असे तिन्ही या गावानं पाहिलेले आहेत. दादासाहेब फाळके रविवर्म्याच्या छापखान्यातून आलेले. घराघरांतल्या भिंतीवरच्या देवांना त्यांनी चालायला लावलं. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंखे. फाळक्यांकडे येण्याआधी हे गृहस्थ मुंबईच्या एका खाणावळीत आचारी होते. सीतेचे दंड चांगले पिळदार दिसत, तरी राम पडद्यावर आला की लोक चपला काढून ठेवत असं सांगतात. १९८७ मध्ये अरुण गोविल राम झाले आणि टीव्हीला हार पडले. त्याच सुमारास युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन रामायणाचं अ‍ॅनिमे करत होते. परदेशी माणूस रामाचं कार्टून करतो यावर आक्षेप घेतले गेले. काम जपानमध्ये झालं, १९९३ मध्ये ते भारतात महोत्सवात दाखवलं गेलं आणि सर्वदूर चित्रपटगृहांत पोचायला २०२५ चा जानेवारी उजाडला. त्याच्या जुन्या हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविलांचा होता. इथे वाट उलटी झाली. देहातला राम रेषेत गेला आणि लोकांनी आवाजावरून ओळखला. मोठ्या डोळ्यांच्या त्या जपानी रामाला आज तरुण पोरं डोक्यावर घेतात. भक्तीला वास्तव चित्रणाची गरज कधीच नव्हती. गरज होती ती करणाऱ्यानं मनापासून करण्याची.

मागे बसलेल्या मित्रांनो, आता तुमच्याशी. २०२५ च्या सप्टेंबरात ‘डीमन स्लेयर’ या अ‍ॅनिमेचा चित्रपट भारतात हिंदी, तमिळ, तेलुगूत लागला. मराठीत नव्हता. त्याचं दुःख करत बसू नका. तुमच्या उशाला झाडीपट्टीची रंगभूमी आहे. धान निघालं की दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. मंडई असते, शंकरपट असतो, रात्रभर नाटक चालतं. त्याच रंगभूमीच्या परशुराम खुण्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दंडार आणि खडी गंमत हे लोकनाट्याचे प्रकार तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना येतात. रंगवलेला पडदा, भडक वेश, टाळी घेऊन थांबणारा संवाद या ज्या गोष्टींची शहरी मालिकावाल्यांना लाज वाटते, त्याच तुमच्याकडे चालू हत्यारं आहेत.

लुफीला हात लावू नका, तो ओदाचा आहे, परवानगीशिवाय त्याला उभं केलं तर चोरी होईल. पण मोगली मोकळा आहे. किपलिंग १९३६ मध्ये वारला. आपल्या कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, ती मुदत केव्हाच उलटली आणि गोष्ट सगळ्यांची झाली. निप्पॉनवाल्यांची चित्रं घेऊ नका, गुलजारांचं गाणं घेऊ नका, डिस्नेचा वाघ तर नकोच. गोष्ट तेवढी घ्या. भाषा पोवारी ठेवा, मराठी ठेवा, दोन्ही मिसळा. शेरखानाला काय नेसवायचं ते तुमच्या गावचा सोंग रंगवणारा माणूस सांगेल. येत्या मंडईला प्रयोग लावा आणि मला तारीख कळवा. येण्याजाण्याचा खर्च माझा मी करीन.